बांधापलीकडची हरळी

बांधावरून होणारी भांडणे आपल्या वाड्यांना नवी नाहीत. ‘बांध कोरणे’ हा वाक्प्रचार मराठीने त्यासाठीच राखून ठेवला आहे. दरवर्षी कुदळीचा एखादा घाव शेजाऱ्याच्या अंगाला जरा अधिक बसतो, पावसाळ्यात माती आपल्या बाजूला सरकते, आणि वीस वर्षांनी हातभर रान कुणाच्या ध्यानी न येता या वाडीतून त्या वाडीत गेलेले असते. अशा कृत्याविषयी धर्मशास्त्राला फार विचार करावा लागत नाही. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्यावर अनुवाद ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात शाप उच्चारलेला आहे, आणि तो ऐकून साऱ्या लोकांनी आमेन म्हणावयाचे आहे. ती चोरी होय. तिचे नाव ठरलेले आहे आणि तिची भरपाईही ठरलेली आहे.

परंतु बांधावरचे दुसरे एक भांडण असते. त्यात बांध कुणी कोरीत नाही, खुणेच्या दगडाला कुणी हात लावीत नाही. शेजाऱ्याची जमीन पडीक आहे एवढेच. त्या पडीक जमिनीत हरळी माजते, बांधाखालून आपल्या वाडीत शिरते आणि मोगऱ्याच्या आळ्यांत, केळीच्या बुंध्यांशी, भाजीच्या वाफ्यांत मुळे रोवते. नुकसान खरे असते; मजुरी जाते, खत जाते, पीक मागे पडते. मात्र नुकसान करणारा हात कुठे दिसत नाही. अशा वेळी दोष कोणाचा? शेजाऱ्याने काही केलेच नाही; मग ‘काही न करणे’ हाच त्याचा अपराध समजावा काय? आणि ज्याचे नुकसान होते त्याने आपल्या रक्षणासाठी कुठवर जावे? प्रश्न गवताचा म्हणून क्षुल्लक वाटेल. तथापि शेजारधर्माचा कस मोठ्या संकटापेक्षा अशा क्षुल्लक गोष्टींतच लागतो, असे आम्हांस वाटते. पुराच्या वेळी सारेच धावून जातात. गवताच्या वेळी कोण कसा वागतो, हे पाहण्यासारखे असते.

प्रथम या गवताचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण नीतीचा निर्णय वस्तुस्थिती सोडून करता येत नाही. हरळी दोन वाटांनी पसरते. जमिनीवरून तिचे धावते धुमारे जातात आणि जमिनीखालून तिची कांडी सरकतात. दोहोंच्या प्रत्येक पेराशी नवे मूळ आणि नवा कोंब फुटू शकतो. म्हणून हरळीवरून नांगर वा यंत्र फिरवून तिचे तुकडे केले आणि ते तसेच ओल्या मातीत राहू दिले, तर ती मरत नाही. जितके तुकडे तितकी नवी रोपे होतात. तिचा नाश व्हावयाचा तर चैत्र-वैशाखात जमीन खणून कांडी वर काढावी लागतात आणि कडक उन्हात वाळू द्यावी लागतात. उन्हाचे दुर्भिक्ष्य तिला सोसत नाही. दाट सावलीत ती क्षीण होते. केळीची बाग भरली की आतली हरळी आपोआप विरळ होते, ती याच कारणाने. कडेला मात्र ती जिवंत राहते, कारण कडेला ऊन असते. आणि बांध ही नेहमीच कड असते.

आता या गवताची दुसरी बाजू पाहू. ज्या गवताला शेतकरी शिव्या देतो, तेच गवत आमचे हिंदू बांधव दूर्वा म्हणून मोठ्या भक्तिभावाने खुडतात आणि २१ दूर्वांची जुडी गणपतीला वाहतात. गुरे ते आवडीने खातात. ज्या बांधावरून ते आपल्याकडे येते, त्या बांधाची माती मुसळधार पावसात तेच धरून ठेवते. बांध अगदी निर्मळ खरवडला तर आषाढात तो वाहून जाईल. अमेरिकेत याच गवताला बर्म्युडा ग्रास म्हणतात, जरी ते बर्म्युडा बेटांचे मूळचे नव्हे. तेथील दक्षिणेच्या उष्ण राज्यांत लोक अंगणासाठी आणि गोल्फच्या मैदानांसाठी ते मुद्दाम लावतात. थंड भागात मात्र हिवाळ्यात ते तपकिरी पडते म्हणून शेजाऱ्याच्या अंगणातून आपल्या हिरवळीत ते शिरू नये, याची चिंता लोक वाहतात. म्हणजे गवत तेच; एका कुंपणाच्या अलीकडे ते शोभा आणि पलीकडे उपद्रव. ‘तण’ ही वनस्पतिशास्त्राने केलेली जात नव्हे. जे जेथे नको असता उगवते, ते तेथे तण ठरते. हे ध्यानी आले म्हणजे एक गोष्ट तरी उमगते. आपल्याला जे तण वाटते ते बाळगणारा शेजारी दुष्टच असला पाहिजे, असे नाही.

येथे काही वाचकांना संत मत्तयच्या शुभवर्तमानातील १३ वा अध्याय आठवेल. गव्हात कुणी वैऱ्याने रात्री निदण पेरले. चाकर ते उपटावयास निघाले, तेव्हा धन्याने कापणीपर्यंत दोन्ही वाढू देण्यास सांगितले. या दाखल्याचा आधार घेऊन ‘शेजाऱ्याची हरळीही सोसावी, उपटू नये’ असे कुणी म्हणेल, तर तो दाखल्याचा विपर्यास होईल. प्रभूने स्वतःच त्याचा अर्थ उलगडून सांगितला आहे. तेथे शेत म्हणजे जग, आणि गहू व निदण म्हणजे माणसे. माणसांचा अंतिम निवाडा आपण घाईने करू नये, हे त्याचे तात्पर्य. शेती कशी करावी, हा त्याचा विषय नव्हे. पॅलेस्टाइनमधील ते निदण कोवळेपणी गव्हासारखेच दिसे आणि त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंतत, म्हणून गहू वाचविण्यासाठी धन्याने हात आवरला. त्याला निदणाची दया आली नव्हती.

तरीही त्या दाखल्यातून आपल्या प्रश्नापुरते दोन विचार घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, दाखल्यात वैरी आहे. आपल्या बांधावर तो नाही. रात्री येऊन हरळी कुणी पेरलेली नाही. पण नुकसान झाले की त्यामागे वैरी शोधण्याची मनाला सवय असते. वैरी सापडला म्हणजे राग कुठे ठेवावा, हे ठरते. बांधावरच्या कित्येक वैरांचा उगम असाच झालेला असतो. गवत आधी आले आणि त्याला धनी नंतर शोधला. दुसरा विचार मुळांचा. शेजाऱ्यांची मुळेही एकमेकांत गुंतलेली असतात. एकाच विहिरीचे पाणी, एकाच क्रुसासमोरची प्रार्थना, एकमेकांच्या मयताला दिलेले खांदे. निदण उपटताना गहू उपटला जाऊ नये, ही काळजी येथेही घ्यावयाची आहे. आणि येथला गहू म्हणजे तो शेजार होय.

मग शेजाऱ्याची जबाबदारी काहीच नाही काय? या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायालयांनी सव्वाशे वर्षांत जो प्रवास केला, तो बोधप्रद आहे. १८९० साली तेथे एक दावा उभा राहिला. एकाने रानाची जमीन नांगरली. तीत काटेरी झुडपे माजली आणि त्यांचे उडते बी शेजाऱ्याच्या शेतात जाऊन उगवले. न्यायालयाने सांगितले की, ही झुडपे नैसर्गिकरीत्या उगवली आहेत, ती कापणे हे जमीनधारकाचे कर्तव्य नाही. १८९४ मध्ये हद्द ओलांडून आलेल्या फांद्यांविषयी तेथील सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला की, ज्याच्या जमिनीवर त्या आल्या आहेत त्याने आपल्या हद्दीत उभे राहून त्या छाटाव्यात. मात्र त्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकू नये. म्हणजे तेव्हाचा कायदा एवढेच म्हणत होता : तुझे रक्षण तू कर, तुझ्या हद्दीत कर.

पुढे १९३२ साली बाटलीतील पेयात गोगलगाय निघाल्याच्या प्रसिद्ध खटल्यात लॉर्ड अॅट्किन यांनी शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न न्यायासनावरून विचारला. संत लूकच्या शुभवर्तमानात शास्त्र्याने प्रभूला विचारलेला तोच प्रश्न होता. आपल्या कृतीने किंवा निष्काळजीपणाने ज्याचे नुकसान होईल हे आपल्याला आधीच दिसायला हवे, तो आपला शेजारी, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. त्यानंतर १९६६ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे ऑस्ट्रेलियातील एक प्रकरण आले. १९६१ मध्ये वीज पडून एका उंच झाडाने पेट घेतला होता. जमीनमालकाने झाड तोडले, पण आग विझवून टाकण्याऐवजी ती आपोआप विझेल म्हणून सोडून दिली. वारा सुटला आणि शेजाऱ्यांच्या जमिनी जळाल्या. वीज त्याने पाडली नव्हती, तरी तो जबाबदार ठरला. मात्र न्यायाधीशांनी एक मर्यादाही घातली. अशा आपत्तीत जमीनधारकाकडून किती अपेक्षा धरावी, हे त्याची ऐपत आणि परिस्थिती पाहून ठरवावे. पुढे त्याच देशाच्या, म्हणजे इंग्लंडच्या, न्यायालयांनी हे तत्त्व जमिनीतून आपोआप उद्भवणाऱ्या उपद्रवालाही लावले, आणि १८९० च्या निकालाचा पाया ढासळला. २०१८ मध्ये तर वेल्समधील माएस्टेग येथे रेल्वेच्या बांधावरून घरांपर्यंत पोहोचलेल्या जपानी नॉटवीड नावाच्या तणाबद्दल घरमालकांना न्यायालयाने भरपाई देवविली.

हा इतिहास आम्ही कायद्याचा सल्ला म्हणून सांगत नाही. ते परदेशचे निकाल आहेत, आणि आपल्याकडे दिवाणी दावा गुदरणाऱ्याचे गवत त्याच्या नातवाच्या हयातीपर्यंत वाढत राहण्याचा संभव अधिक. सांगावयाचे ते इतकेच की, ‘मी काही केले नाही’ हे उत्तर पुरेसे मानणाऱ्या व्यवस्थेलाही अखेर ते अपुरे वाटू लागले. धर्मशास्त्राला ते कधीच पुरेसे वाटले नव्हते. आपण मिस्सेच्या आरंभी विचार, शब्द आणि कृती यांबरोबर कर्तव्यातील कसुरीचीही कबुली देतो. करावयाचे होते ते केले नाही, हेही पाप असू शकते, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले आहे.

तथापि प्रत्येक न केलेली गोष्ट पाप नसते. कर्तव्याची कसूर होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. काय घडत आहे हे ठाऊक असणे, ते थांबविणे आपल्या हाती असणे, आणि थांबविण्याचे बंधन आपल्यावर असणे. निर्गम ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात शिंगे मारणाऱ्या बैलाविषयी जो नियम आहे, त्यात ही सूक्ष्मता आढळते. बैलाने प्रथमच कुणाचा जीव घेतला, तर बैल मारावा, पण धनी निर्दोष समजावा. परंतु बैल मारका आहे असे धन्याला आधी बजावले असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर धनीही अपराधी ठरतो. बैल तोच, शिंगे तीच, मृत्यूही तोच. फरक एका गोष्टीने पडतो : त्याला कुणी सांगितले होते काय?

आमच्या मते या सबंध प्रश्नाची किल्ली येथे आहे. ज्याचे नुकसान होत आहे, त्याचे पहिले कर्तव्य सांगण्याचे आहे. सांगेपर्यंत शेजाऱ्याचे न करणे हे अज्ञान असू शकते. सांगितल्यानंतर ते अज्ञान राहत नाही. संत मत्तयच्या १८ व्या अध्यायात प्रभूने भावाचा अपराध त्याला एकांती, दोघेच असताना दाखवून देण्यास सांगितले आहे. गावच्या नाक्यावर सांगणे आणि त्याच्या ओटीवर सांगणे यांत मोठे अंतर आहे. नाक्यावर तक्रार होते. ओटीवर बोलणे होते, आणि बोलण्याला उत्तर मिळू शकते.

काही वर्षांपूर्वी एका मोगरा लावणाऱ्या शेतकऱ्याने आमच्यापुढे नेमका हा प्रश्न मांडला होता. त्याच्या बांधाला लागून एका विधवा मावशींची पडीक वाडी होती. मुलगे आखातात, मावशी एकट्या, मजूर परवडत नाही, विहिरीला कठडा उरलेला नाही. दोन पावसाळ्यांत हरळीने मोगऱ्याची पहिली ओळ गिळली होती. त्याचे म्हणणे स्पष्ट होते. “फादर, मावशींना सांगून काय होणार? त्यांना काही करता येणार नाही. त्यापेक्षा रात्री बांधापलीकडे दोन हात औषध मारतो. त्यांच्या त्या जमिनीत आहे तरी काय? नुकसान कुणाचंच नाही.”

त्याचा युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली, मावशींना काही करता येणार नाही. त्यांना खणता येणार नव्हते, हे खरे. परंतु परवानगी देणे त्यांच्या हाती होते. ज्याची ऐपत कमी त्याचे कर्तव्य लहान होते, नाहीसे होत नाही; आणि परवानगी द्यावयास पैसा लागत नाही. दुसरी, त्यांच्या जमिनीत काही नाही. काय आहे आणि काय नाही, हे ज्याची जमीन त्याने ठरवावयाचे असते. ग्लायफोसेटसारखे तणनाशक हिरव्या पानातून मुळापर्यंत उतरते आणि गवत व रोप असा भेद करीत नाही. वाऱ्याने त्याचा तुषार कुठे जाईल, याची हमी रात्री फवारणाऱ्याला देता येत नाही. शिवाय भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला होता. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट ‘रात्री’ या शब्दात आहे. जे कृत्य निरुपद्रवी आहे असा विश्वास आहे, ते दिवसा का करू नये? अंधार हवासा वाटला, तेव्हा सदसद्विवेकबुद्धीने आपला कौल आधीच दिलेला होता. दाखल्यातला वैरीही रात्रीच आला होता, हे त्या शेतकऱ्याला आम्ही सांगितले. आणि तो हसला, पण थोडासाच.

तो मावशींकडे दिवसा गेला. त्यांनी प्रथम विचारले ते असे : “बाबा, मग आधी का नाही सांगितलंस?” वाडीच्या त्या टोकाला त्या चार वर्षांत गेल्याच नव्हत्या. ठरले ते साधेच. बांधाच्या दोन्ही अंगांना चर खणावा, खणण्याची मजुरी शेतकऱ्याने सोसावी, आणि मावशींच्या बाजूचे गवत कापून त्याने आपल्या म्हशीला न्यावे. हरळी संपली काय? नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर दोन-चार धुमारे चर ओलांडतात आणि प्रत्येक मे महिन्यात चर पुन्हा साफ करावा लागतो. पण मोगऱ्याची ओळ परत उभी राहिली, आणि त्या बांधावर दावा उभा राहिला नाही.

चराविषयी दोन शब्द येथेच लिहितो, कारण उपाय न सांगता उपदेश करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. हरळीची बहुतेक कांडी मातीच्या वरच्या थरात, साधारण वीतभर खोलीत असतात. काही त्याहून खोल जातात. म्हणून हद्दीलगत पण आपल्या बाजूने, बांधाला धक्का न लावता, वीतभराहून थोडा अधिक खोल चर खणावा आणि तो मोकळा ठेवावा. चरात मुळे दिसतात आणि दिसली की छाटता येतात. जेथे चर टिकत नाही, तेथे तितक्याच खोलीवर लाद्या वा पत्रा उभा पुरावा आणि त्याची कड मातीच्या वर चार बोटे ठेवावी, म्हणजे वरून येणारा धुमाराही नजरेस पडतो. आतली हरळी एप्रिल-मे मध्ये खणून उन्हात टाकावी. लहान वाफा असेल तर तो ओला करून पारदर्शक प्लास्टिकखाली भर उन्हाळ्यात सहा आठवडे झाकावा. कडेला दाट सावली धरणारे पीक घ्यावे. आणि उपटलेले गवत बांधापलीकडे भिरकावू नये. हा शेवटचा नियम शेतीचा आहे की नीतीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

मात्र सारे उपद्रव चराने अडत नाहीत. गाजर गवत घ्या. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. एका रोपाला हजारो बिया धरतात. वारा, पाणी, वाहनांची चाके आणि माणसांची पावले त्या वाहून नेतात. ज्यांना ते बाधते त्यांच्या अंगावर चट्टे उठतात, दमा उसळतो. त्यापुढे बांध काय करणार? तेथे एकट्याचे कर्तव्य संपते आणि गावाचे सुरू होते. फुलावर येण्याआधी सर्वांनी मिळून ते उपटावे लागते, रस्त्याच्या कडेचे आणि कुणाच्याच मालकीचे नसलेल्या जागेतलेही. त्याच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडण्यात आला. तो गाजर गवताची पाने खातो, आणि तोही कुणाचा सातबारा पाहत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले होते. सामायिक घर हा शब्द भव्य आहे. त्याची सुरुवात सामायिक गटाराच्या कडेचे गवत उपटण्यापासून होते.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कुणी म्हणेल, “मावशी भल्या होत्या, म्हणून निभावले. आमचा शेजारी मुंबईचा गुंतवणूकदार आहे. जमीन घेऊन कुंपण घातले, पाटी लावली आणि गेला. पत्राला उत्तर देत नाही. ऐपत आहे, सांगितलेलेही आहे, तरी करीत नाही. मग?” मग दोष त्याचा आहे, हे निःशंकपणे म्हटले पाहिजे. क्षमाशीलतेच्या नावाखाली दोषाला गुण म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जमीन विकत घेताना त्याने तिचे भाव वाढण्याची अपेक्षा विकत घेतली. तिचे गवत विकत घेतले नाही, असे त्याला म्हणता येत नाही. संत थॉमस अक्विनस यांनी खाजगी मालमत्तेचे समर्थन करताना तीन कारणे दिली आहेत. जे स्वतःचे असते त्याची माणूस अधिक काळजी घेतो, त्यामुळे व्यवहारात व्यवस्था राहते, आणि ज्याचे त्याला वेगळे असल्याने शांतता नांदते. ही कारणे उलटी करून पाहावीत. जो मालक आपल्या जमिनीची काळजी घेत नाही, अव्यवस्था माजू देतो आणि शेजाऱ्यांची शांतता घालवतो, त्याच्या मालकीचे समर्थन ज्या आधारांवर उभे होते, तेच तो काढून घेत असतो. अशा माणसाला ग्रामपंचायतीमार्फत वा अन्य सनदशीर मार्गाने त्याच्या कर्तव्याची आठवण देणे योग्यच आहे. त्यात शेजारधर्माचा भंग नाही. एकांतातल्या बोलण्यानंतर दोघा-तिघांना सोबत न्यावे आणि शेवटी मंडळीपुढे जावे, हा क्रमही त्याच १८ व्या अध्यायात आहे. तरीदेखील त्याच्या हद्दीत विष टाकण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होत नाही. त्याच्या कर्तव्यभंगाने आपली मर्यादा सरकत नाही.

आणखी एक गोष्ट. बांध दोन्ही बाजूंनी बांधच असतो. तिकडून काय आले, याची मोजदाद आपण नेमकेपणाने ठेवतो. इकडून काय गेले, याची वही सहसा कोणी ठेवीत नाही. आपल्या पंपाचे पाणी कुणाच्या अंगणात साचते? आपण पेटविलेल्या पाचोळ्याचा धूर कुणाच्या पाळण्यावरून जातो? लग्नाच्या आदल्या रात्री आपला ध्वनिक्षेपक किती घरांत शिरतो, आणि आपल्या सोबत्यांच्या ओठांवरून एखाद्या कुटुंबाची निंदा किती आळ्या ओलांडते? हरळीला निदान पावसाची वाट पाहावी लागते. शेजाऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ, या प्रभूच्या शिकवणीचा बांधावरचा अर्थ असा आहे की, चर खणताना त्याच्या दोन्ही कडा पाहाव्यात.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. ज्याच्या जमिनीत उपद्रव वाढतो, त्याने तो कळल्यानंतर आपल्या ऐपतीप्रमाणे आवरणे, हे त्याचे कर्तव्य आहे. ‘मी काही केले नाही’ हे उत्तर त्याला सोडवीत नाही. ज्याला उपद्रव होतो त्याने आधी सांगावे, दिवसा सांगावे, स्वतःच्या बाजूने होईल तितके करावे आणि हद्दीपलीकडे परवानगीनेच जावे. दुर्बल शेजाऱ्याचा भार थोडासा आपण उचलावा. सबळ शेजाऱ्याला त्याचा भार दाखवून द्यावा. आणि हे सारे केल्यानंतरही जे दोन-चार धुमारे दरवर्षी येतीलच, ते शेजार असण्याचा सारा म्हणून भरावेत. साऱ्याशिवाय जमीन नसते, तसा साऱ्याशिवाय शेजारही नसतो. मे महिना जवळ आला की कुदळ काढावी, चर साफ करावा, आणि पलीकडे कुणी दिसले तर कुदळ टेकून दोन शब्द बोलावे.